गोष्ट, चित्र आणि डफ: शिवाजी पेठेतल्या तालमीतली संध्याकाळ

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या सभागृहात पावसाळ्यात भरणारी गोष्ट-चित्र-संगीताची संध्याकाळ जाण्यासारखी आहे का? नक्की आहे. १०० रुपयांच्या प्रवेशिकेत कथाकथन, चित्रकथी (चित्रं दाखवत गाऊन सांगितलेलं आख्यान), चित्रकाराचं प्रात्यक्षिक, अर्धा तास शास्त्रीय गायन आणि शेवटी पोवाडा एवढं सगळं मिळतं. त्यातलं कथाकथन आणि चित्रकथी तर अशी, की फक्त तेवढ्यासाठी पाऊस अंगावर घेत जावं. पण कलाकारांनी जे दिलं ते मागच्या रांगांपर्यंत अर्धंच पोचलं. यात दोष कलाकारांचा नाही. कशानंतर काय ठेवायचं, आवाज कसा लावायचा आणि माणसांना किती जवळ बसवायचं हे आयोजकांच्या हातात असतं, आणि गडबड नेमकी तिथं आहे.

अशा छोट्या जागांची कोल्हापूरला आत्ता फार गरज आहे. राजर्षी शाहूंनी उभारलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासूनची, दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन हक्काचं. पण पेठेतल्या माणसानं जेवणाआधी चप्पल घालून सहज जाऊन बसावं अशी जागा तालमीचीच. शड्डू, गणपती, महापुराची मदत हे सगळं जिथून होतं तिथं गोष्टही व्हावी, हा विचारच मुळात चांगला आहे.

सभागृह साधारण दीडशे माणसांचं. खाली शहाबादी फरशी, भिंती गुळगुळीत रंगवलेल्या, वर पत्रा. कसरतीला उत्तम, ऐकायला अवघड. आत गेल्यावर मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीचा आवाज थांबल्यावरही खोली क्षणभर गुणगुणत राहते. बोलणं स्पष्ट कळायला ही गुणगुण एका सेकंदाच्या आत विरायला हवी. इथं ती त्याहून लांबते. शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर येऊन पडतं, म्हणून मागच्या माणसाला आवाज मोठा येतो पण शब्द कळत नाही. यावर आवाज वाढवणं हा उपाय नव्हे, त्यानं उलट बिघडतं. फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाजम अंथरा, मागच्या भिंतीवर सात-आठ घोंगडी भिंतीपासून चार बोटं सुटी टांगा. घोंगडं जाड लोकरीचं असतं, आवाज पितं, आणि आपल्याकडं ते मिळतंही. मागची भिंत आधी झाका, कारण व्यासपीठावरून निघालेला आवाज सरळ तिच्यावरच आपटून परत येतो. पत्र्यावरच्या पावसाला मात्र इलाज नाही. सर जोरात आली की निवेदकानं दोन मिनिटं थांबावं, तेच शहाणपण. या वेळी कथाकथनकारानं ते आपणहून केलं.

साउंडवाल्याच्या मिक्सरवर इकोचं बटण असतं आणि लग्नाच्या ऑर्डरी करून करून ते कायम अर्ध्यावर फिरवलेलं असतं. गोष्टीच्या संध्याकाळी ते शून्यावर हवं. खोलीचा स्वतःचाच घुमारा भरपूर असताना त्यावर यंत्राचा घुमारा चढवला तर निवेदक विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. पहिली वीस मिनिटं इथं तेच झालं. दुसरं, स्पीकरच्या दोन्ही पेट्या माइकच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते, ती चार-पाच वेळा वाजलीच. पेट्या माइकच्या रेषेच्या पुढं, श्रोत्यांकडं तोंड करून, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर येतील अशा स्टँडवर ठेवायच्या. बास कमी करायचा. हे सगळं दुपारी चारला करून बघायचं काम आहे, साडेसहाला लोक बसल्यावर नव्हे.

आता क्रमाविषयी. सुरुवात हलगी, घुमकं आणि कैताळ या वाद्यांनी झाली, आणि तीही सभागृहाच्या आत. हलगीवाले तरबेज होते. ठेका चढवत नेताना मध्येच एक मात्रा रिकामी सोडून परत समेवर येण्याची त्यांची तयारी वाखाणण्यासारखी. पण हे वाद्य मैदानाचं, मिरवणुकीचं, कुस्तीच्या फडाचं. बंद खोलीत पत्र्याखाली दहा मिनिटं ते ऐकल्यावर कानात दडे बसल्यासारखं होतं, आणि लगेच त्यावर हळू आवाजातली गोष्ट ठेवली होती. पहिली पाच मिनिटं श्रोते कान सावरत होते. हलगी बाहेर, तालमीच्या अंगणात, सहा वाजता वाजवावी. गल्लीतली माणसं आपसूक गोळा होतील, आत येऊन बसेपर्यंत कान शांत होतील. वाद्य तेच, माणसं तीच, फक्त जागा बदलायची.

कथाकथन हा या संध्याकाळचा कळस. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव हिंडून कथाकथनाची गोडी लावली, त्यातले पाटील तर आपल्या पट्टणकोडोलीचे. त्या परंपरेतला कथाकथनकार कागद न घेता सांगतो, वाचत नाही. वाचणाऱ्याची नजर खाली जाते आणि श्रोता सुटतो. इथल्या निवेदकानं पहिली गोष्ट स्वतःची सांगितली, महापुराची. आंबेवाडीतली एक म्हातारी आणि तिची म्हैस, एवढंच. मुलगा कोल्हापुरातून तासातासाला फोन करतो आणि राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी सांगतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ. त्यामुळं निवेदकाला भीतीचं वर्णन करावं लागलंच नाही. तो फक्त आकडा म्हणायचा आणि थांबायचा. ‘एकोणचाळीस.’ मग थोडी म्हशीची धार, थोडं चुलीचं. ‘एक्केचाळीस.’ सभागृहातली बायकामाणसं पदर सावरून पुढं सरकलेली दिसत होती. म्हातारी मुलाला म्हणते, ‘तुमचं फूट तकडं बंधाऱ्यावर. माझं फूट म्हशीच्या मेखंवर.’ हे वाक्य त्यानं अजिबात न रंगवता, म्हशीला वैरण टाकता टाकता बोलल्यासारखं टाकलं. मेख बुडते तेव्हा त्यानं आकडा सांगितला नाही. म्हातारीनं दावं सोडलं, एवढंच सांगितलं.

कारागिरी म्हणून याकडं बघा. गोष्ट बावीस-पंचवीस मिनिटांची, पात्रं तीन, जागा एकच. तोंडी गोष्टीला याहून जास्त पात्रं पेलत नाहीत. चौथं नाव आलं की श्रोता ‘हा कोण?’ म्हणून मागं राहतो. बोली पात्रांच्या तोंडी, निवेदन साध्या मराठीत. आकडा धृपदासारखा येत राहतो, म्हणून बाहेरून उशिरा आलेल्यालाही गोष्ट लगेच धरता येते. आणि शेवट झाल्यावर निवेदकानं नमस्कार केला, तात्पर्य सांगितलं नाही. ते सूत्रसंचालकानं सांगितलं, तेही तीन मिनिटं. ते काढून टाकलं पाहिजे. गोष्टीनंतरची शांतता श्रोत्यांची असते, तिच्यावर कुणी माइक धरू नये.

दुसरी गोष्ट छापील संग्रहातली होती आणि परवानगी घेतल्याचं आधी जाहीर केलं, याचं मनापासून कौतुक. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. प्रवेशिका लावून कुणाची कथा सांगायची तर लेखकाला किंवा वारसांना विचारणं आवश्यक. पेठांमधले बरेच कार्यक्रम हे विसरतात.

चित्रकथी पाहायला मिळणं हे कोल्हापूरकरांचं भाग्यच. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्पिढ्या हे करत आले. त्यांच्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सूत्रधार बसून रामायण-महाभारतातलं आख्यान गातो, वीणा, टाळ आणि हुडूक साथीला, आणि एकेक चित्र उचलून प्रसंग पुढं नेतो. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. गोष्ट, चित्र आणि संगीत एकत्र आणायचं म्हणून आपण आज कार्यक्रम आखतो. इथं तिन्ही एकाच माणसाच्या मांडीवर असतात. इथल्या सूत्रधाराचा हात बघत राहावा असा. चित्र बदलताना तो आधीचं चित्र एकदम खाली घालत नाही. नवं वर येतं तेव्हा जुनं अर्धा क्षण त्याच्यामागं दिसत राहतं, आणि राजा कुठून कुठं निघाला ते डोळ्याला आपोआप कळतं.

पण चित्राचा कागद साधारण एक फूट बाय सव्वा फूट. पंधरा फुटांपलीकडं नुसते रंगाचे ठिपके दिसतात. आयोजकांनी कॅमेरा लावून मागच्या पडद्यावर चित्र मोठं दाखवलं. कल्पना चांगल्या हेतूची, परिणाम वाईट: सगळे पडद्याकडं बघू लागले, सूत्रधाराकडं कुणीच बघेना, आणि प्रोजेक्टरवर लाल रंग विटकरी झाला. यावर जुनाच मार्ग आहे. सूत्रधाराला व्यासपीठावरून खाली आणायचं, जाजमावर अर्धगोल करून साठ-सत्तर माणसं बसवायची, बाकीच्यांना मागं बाकांवर. तरीही माणसं उरली तर वीस-वीस मिनिटांचे दोन खेळ करावेत. उजेड बाजूनं, एका साध्या पांढऱ्या दिव्याचा. समोरून लावला तर कागद चमकतो. पावसाळी दमट हवेत कागदाच्या कडा वळतात, म्हणून पोथी आदल्या रात्रीपासून जड पाटाखाली दाबून ठेवलेली बरी. लॅमिनेशनचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, चकाकीनं चित्रच दिसेनासं होतं. आणि खेळ झाल्यावर मुलं चित्रांना हात लावायला धावतात. कुरकुरीत भडंग खाल्लेला हात आधी पुसायला लावावा.

चित्रकाराचं प्रात्यक्षिक गायनाच्या वेळीच ठेवलं होतं. हे जुळवणं योग्य, कारण गाणं कानाचं, चित्र डोळ्याचं, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. कोल्हापूरला दोन्हीचा वारसा आहे: आबालाल रहिमान यांनी रंकाळ्याचा परिसर जलरंगात अजरामर केला, बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत रंगवत सिनेमापर्यंत गेले, आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब शाहूंच्या पदरी इथंच होते. गायिकेनं तीनतालात, घराण्याच्या शिस्तीनं एक ख्याल मांडला. छोटा, नेटका, आणखी दहा मिनिटं हवा होता.

चित्रकारानं पेठेतल्या एका फेटेवाल्या आजोबांना समोर बसवून व्यक्तिचित्र केलं. ३०० जीएसएमचा जाड हातकागद, १५ बाय २२ इंच, बोर्डाला चारही बाजूंनी टेपनं ताणलेला. फेट्याची घडी त्यानं रंगवली नाही, राखली. आजूबाजूला निळसर सावली टाकत गेला आणि कोरा कागदच फेटा झाला. डोळ्याखालची सुरकुती एकाच फटकाऱ्यात, ब्रश दाबून मग उचलून. कोल्हापूरच्या वास्तववादी चित्रकलेतलं हे कसब प्रत्यक्ष बघितल्यावर चित्रप्रदर्शनात उभं राहायची पद्धतच बदलते.

अडचण हवेची आली. ऑगस्टच्या दमटपणात पहिला ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळता वाळत नाही. ओल्यावर दुसरा रंग टाकला की कडा पसरतात आणि फुलकोबीसारखे डाग उमटतात. म्हणून चित्रकारानं दोनदा हेअर ड्रायर लावला, तोही ऐन आलापात. पहिला वॉश कार्यक्रमाआधी पाऊण तास टाकून ठेवला असता तर ड्रायरची गरजच पडली नसती. शिवाय व्यासपीठावरचे रंगीत एलईडी सुरू होते. लाल-निळ्या उजेडात चित्रकाराला स्वतःचा रंग कळत नाही. चेहऱ्याला त्यानं जास्तच गार छटा दिली ती त्यामुळंच. साधारण ५००० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा), ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा (म्हणजे रंग खरे दाखवणारा) एक पांढरा दिवा पुरतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात तसं सांगून मागायचा. आणि ईझल श्रोत्यांकडं थोडी तिरकी ठेवावी, नाहीतर अर्धा तास लोकांना चित्रकाराची पाठच दिसते.

शेवटी पोवाडा, विषय शिवा काशीद. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडं निघाले तेव्हा महाराजांचं सोंग घेऊन सिद्दी जौहरच्या छावणीत गेलेला, नेबापूरचा हा वीर. पन्हाळा इथून वीस किलोमीटरवर, त्यामुळं गडाचं नाव निघताच सभागृह ताठ झालं. शाहिराचा आवाज काळी चारमधला, म्हणजे पेटीवरच्या उंच पट्टीतला, खणखणीत. पोवाड्याच्या चौकाचौकातून, म्हणजे भागाभागातून, गद्य निवेदन आलं ते घाईनं नव्हे. पालखीत बसताना शिवा काशीद आरशात एकदा स्वतःकडं बघतो, तिथं शाहिरानं डफ पूर्ण थांबवला आणि फक्त तुणतुणं चालू ठेवलं. झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारे, दोघं होते, त्यांचं ‘जी जी जी’ शाहिराचा श्वास संपायच्या आत येत होतं. झील उशिरा आली की शाहिराला शेवटचा स्वर ओढावा लागतो आणि पुढच्या कडव्याला दम पुरत नाही. इथं तसं एकदाही झालं नाही.

डफ कातडी होता. हल्ली फायबरचे वाजवतात, ते पावसात उतरत नाहीत पण पत्र्याच्या डब्यासारखा कडक नाद देतात. कातडं दमट हवेत ढिलं पडतं आणि आवाज बसतो. मागच्या दाराशी कागद पेटवून शेक देत होते. जाळापासून हातभर लांब धरून, फिरवत फिरवत, कडेनं आणि मधोमध सारखं शेकायचं. एकाच जागी धरलं की कातडं तिथं ताणून चिरतं. शेकलेला डफ पावसाळी हवेत पंधरा मिनिटं धरतो. पोवाडा पाऊण तासाचा, म्हणजे दोन डफ हवेत, एक वाजेल तेव्हा दुसरा शेकावा. इथं एकच होता, आणि शेवटच्या चौकात आवाज उतरलेला स्पष्ट कळत होता. डफासमोरचा माइकही फार जवळ लावला होता, त्यामुळं ऐन लढाईत शब्द बुडाले. डफाला माइक अडीच-तीन फुटांवर किंवा मुळीच नको. पोवाड्यात शब्द ऐकू आला नाही तर काय उरतं?

पोवाड्याला आणखी एक फटका बसला तो वेळेचा. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा हा कायदाच आहे, आणि पेठेत घराला घर लागून असल्यामुळं तो पाळायलाच हवा. पण पस्तीस मिनिटं सत्कारात गेली. शाल, श्रीफळ, मग आणखी कुणी, मग मनोगत. शाहिराला नऊ वाजून पाच मिनिटांनी उभं राहायचं होतं, तो साडेनऊ ओलांडल्यावर उभा राहिला आणि दोन चौक गाळावे लागले. सगळे सत्कार मध्यंतरानंतर एकदाच, पाच मिनिटांत, मनोगताशिवाय करावेत. कलाकाराचा खरा मान वेगळा आहे: ठरलेलं मानधन त्याच रात्री हातात, आणि घाटातून परत जाणाऱ्या पिंगुळीच्या मंडळींना जेवण आणि मुक्कामाची सोय. ही दोन्ही व्यवस्था इथं चोख होती, आणि त्याबद्दल आयोजकांना शंभर गुण.

मध्यंतरात चहा आणि कटवडा, दोन्ही उत्तम. कट तिखट आहे, लहान मुलांना सुका वडा मागून घ्या. स्टॉल दारालाच चिकटून असल्यानं स्टोव्हचा आवाज आणि भडंगाच्या पुड्यांची खसखस आत येते. तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हलवावा. गाडी गल्लीत लावायचा प्रयत्न करू नका, जागा नाही. रिक्षानं या किंवा रंकाळ्याच्या बाजूला लावून चालत या. स्वच्छतागृह एकच आहे, मध्यंतरात रांग लागते. बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशिका लागत नाही, तेव्हा मुलांना आवर्जून आणा. चित्रकथीच्या वेळी पुढं बसलेल्या मुलांनी हूं की चूं केलं नाही. ज्येष्ठांसाठी बाक भिंतीलगत आहेत, पण तिथं घुमारा जास्त, तेव्हा मधल्या भागात खुर्ची मागून घ्या, कार्यकर्ते लगेच देतात.

प्रवेशिका तालमीच्या कार्यालयात संध्याकाळी पाचनंतर मिळते. सव्वासहाला पोचा आणि जाजमावर, व्यासपीठापासून तिसऱ्या-चौथ्या ओळीत, दोन्ही पेट्यांच्या मधोमध बसा. तिथून चित्रकथीचं प्रत्येक चित्र दिसतं आणि निवेदक माइकपासून तोंड वळवतो तेव्हाही शब्द कळतो.